मोगरीवाला

माझं जळगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाणबुडी मोटार खोलायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी तार भरायची, वार्निश मारून वाळत घालायची. तीस वर्षं हेच चाललंय. केळीचं पाणी थांबलं की शेतकरी दुकानात येऊन बसतो आणि मोटार हातात पडेपर्यंत हलत नाही. अशा माणसानं बॅलेवर लिहायचं म्हणजे जरा अतीच. पण लेक म्हणाली, "पप्पा, फोनवर तासभर जे सांगितलं ना, तेच लिहून काढा." म्हणून हे.

लेक मुंबईत नोकरीला आहे. दोन वर्षांपासून शनिवारी सकाळी बॅलेच्या क्लासला जाते. सव्विसाव्या वर्षी हे सुरू केलं, तेव्हा मी फोनवर "बरं" एवढंच म्हणालो होतो. आमच्या लहानपणी बॅले म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधला रामायण बॅले. मागे सर निवेदन वाचणार, पुढे दहा मुलं माकडं होणार आणि शेपट्या सांभाळत लंका जाळणार. गोष्ट सांगणाऱ्या कुठल्याही नाचाला आपल्याकडे बॅलेच म्हणत. तो शब्द आपल्याकडे रुळला त्यात नर्तक उदयशंकरांचा मोठा वाटा, हे मला लेकीकडून कळलं.

मार्गशीर्षात तिचा फोन आला. परदेशी नर्तकांचा गाला आहे, तीन तिकिटं काढलीत, आजीला घेऊन या. तिकिटाची किंमत तिनं शेवटपर्यंत सांगितली नाही. मायला गाला म्हणजे गाळा वाटला. नातीनं मुंबईत दुकानासाठी गाळा घेतला म्हणून तिनं देवापुढे साखर ठेवली आणि शेजारी दोन घरी सांगूनही आली. नंतर खुलासा झाला, पण तोवर तिनं जायचं ठरवून टाकलं होतं. माय शहात्तर वर्षांची आहे. माहेर पारोळ्याकडचं, त्यामुळे पन्नास वर्षं जळगावात काढूनही घरात अहिराणीच बोलते. रात्रीच्या गाडीत आम्ही भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खाल्ल्या. त्या वासानं समोरच्या बर्थवरचा माणूस उठून बसला, त्यालाही दिल्या.

सभागृहात शिरताच मायनं पदर डोक्यावरून घट्ट ओढला. "इतलं गार का बरं करेल शे?" आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. ही रांग महत्त्वाची, कारण पुढचं बरंचसं मला दिसण्याआधी ऐकू आलं. बॅलेच्या बायका पिसासारख्या हलक्या असतात असं वाटतं, पण तिसऱ्या रांगेत त्यांच्या बुटांचा टक्‌टक्‌ आवाज स्वच्छ येतो. गुळगुळीत साटिनचा नाजूक बूट दिसतो, पण त्याचं टोक म्हणजे कापड आणि कागदाचे थर खळीनं चिकटवून कडक केलेली डबी असते. पायाची बोटं त्या डबीत आणि अख्खं शरीर त्या बोटांवर. लेक सांगत होती, मुख्य नर्तकीचा एक जोड कधी कधी एका प्रयोगातच मऊ पडतो आणि मग फेकून द्यावा लागतो. घसरू नये म्हणून टोकाला राळ लावतात. राळ म्हटल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

गाला म्हणजे अख्खं नाटक नव्हे. वेगवेगळ्या बॅलेंमधले गाजलेले तुकडे एकापाठोपाठ एक. त्यातले बरेचसे दोघांच्या नाचाचे. त्याला ते पा द दू म्हणतात आणि त्याचा साचा ठरलेला असतो. आधी दोघं मिळून येणार, मग संथ लयीत एकत्र नाचणार, मग तो एकटा, मग ती एकटी आणि शेवटी पुन्हा दोघं मिळून जोरात. हे ऐकून मला बरं वाटलं. गण, गवळण, बतावणी, वग ही चढण ज्यानं लहानपणी जागून पाहिली आहे त्याला ठरलेल्या साच्याचं वावडं नसतं. पण तक्रार आहे, ती आत्ताच सांगून टाकतो. अख्ख्या रात्रीच्या वगातून फक्त शिट्ट्यांच्या जागा कापून आणाव्यात, तसा हा प्रकार. राजा दरबारात का आला हे माहीत नाही, पण तो तलवार उपसतोय आणि लोक टाळ्या पिटताहेत. दर दहा मिनिटांनी माय विचारायची, हिचं आधी काय झालं? लेक तिच्या कानात पुटपुटायची. मागच्या रांगेतून दोनदा "श्श" झालं. त्यात संगीत रेकॉर्डवरचं. समोर वादक नाहीत म्हणजे नाचणाऱ्याला श्वास लागला तरी सूर त्याच्यासाठी थांबणार नाही. तमाशात ढोलकीवाला बाईच्या पायाकडे बघून वाजवतो. इथं पायांनाच यंत्रामागं धावावं लागत होतं.

पहिला तुकडा 'जिझेल'मधला. हा बॅले १८४१ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा झाला. खेड्यातली पोर. तिच्यावर एक सरदार वेष बदलून प्रेम करतो. त्याचं लग्न दुसरीकडे ठरलेलं आहे हे कळल्यावर ती वेडी होते आणि मरते. आम्ही पाहिला तो भाग त्यानंतरचा. लग्नाआधीच फसवणूक होऊन मेलेल्या मुली रात्री जंगलात जमतात आणि सापडेल त्या पुरुषाला मरेस्तोवर नाचवतात. लेकीनं एवढं सांगताच माय म्हणाली, "ह्या आसरा शेतस." आमच्याकडे विहिरीपाशी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला एकट्यानं पाण्यावर जायचं नाही ही लहानपणची ताकीद. पॅरिसच्या लोकांनी लिहिलेल्या भुतांना पारोळ्याच्या बाईनं अर्ध्या मिनिटात ओळखलं. पुढे ती जिझेल त्या फसवणाऱ्याला वाचवते, पहाट होईपर्यंत त्याच्या बाजूनं नाचत राहते. हे मात्र मायला पटलं नाही. "सोडी का बरं दिन्हा त्याले?" ती मला विचारत होती, जणू मीच सोडला.

त्या तुकड्यात एक जागा आहे. ती मेलेली आहे, म्हणजे तिला वजन नाही. तो तिला उचलतो तेव्हा आपण त्याच्या हाताकडे बघायचंच नसतं. धुकं आपोआप वर गेल्यासारखं दिसायला हवं. आता, मी रोज वजनं उचलतो. पंधरा एचपीची मोटार चेन पुलीला लावून टेबलावर घेताना माझ्या मानेच्या शिरा कशा होतात ते दुकानातलं पोरगं सांगेल. म्हणून मी त्याच्या मानेकडे बघत होतो. शीर तटतटलेली होती. चेहऱ्यावर मात्र विरहाचं दुःख, एकदम शांत. तिथून माझं बघणं थोडं वाकडं झालं ते झालंच.

मग काळा हंस. 'स्वान लेक' १८७७ साली मॉस्कोत आला तेव्हा फारसा चालला नाही. १८९५ साली पीटर्सबर्गला नव्यानं बसवला आणि तोच पुढे जगभर गेला. त्या नव्या प्रयोगात पिएरिना लेन्यानी नावाच्या इटालियन नर्तकीनं एका पायावर उभं राहून सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. तेव्हापासून काळ्या हंसाकडून लोक बत्तीस मागतात. उभा पाय जागच्या जागी, दुसरा पाय चाबकासारखा बाहेर फेकायचा आणि गुडघ्याशी आत ओढायचा. दर फेरीला टाच खाली येते, पुन्हा टोकावर जाते. फेकलेल्या पायातून पुढच्या फेरीचा जोर मिळतो. चेहरा शेवटपर्यंत प्रेक्षकांकडे ठेवतात आणि मग झटक्यात फिरवतात, त्यानं चक्कर येत नाही. कथ्थकच्या चक्करमध्येही हेच करतात. हे सगळं लेकीनं आदल्या रात्री स्वयंपाकघरात करून दाखवलं होतं, तीन फेऱ्यांत ती फ्रिजला धडकली.

मी मोजत होतो. चौदापर्यंत बरोबर होतं, मग लोकांनी टाळ्या सुरू केल्या आणि माझा आकडा हरवला. गिरक्या सुरू असतानाच टाळ्या वाजवण्याची ही रीत मला अजिबात आवडली नाही, संगीतही ऐकू येईना. पण धंद्यानं जडलेली सवय म्हणून सांगतो, शाफ्ट सेंटरला होता. फिरणारी वस्तू सेंटरला असली की ती फिरतेय हेच जाणवत नाही, नुसती उभी असल्यासारखी वाटते. शेवटच्या चार-पाचांत बेअरिंग थोडं वाजलं, ती हातभर पुढे सरकत आली. तरीही मानलं. मात्र टाळ्या वाजवताना माझ्या लक्षात आलं की मला कौतुक वाटतंय, आणि तेवढंच वाटतंय. चांगल्या मिस्त्रीचं काम पाहिल्यावर वाटतं तेवढं.

काळ्या कपड्यांतल्या दोघांचा एक आधुनिक नाच झाला, तो मला कळला नाही. मायनं त्यात डुलकी काढून घेतली.

त्यानंतर 'ला बायादेर'. १८७७ साली पीटर्सबर्गमध्ये मारियस पेटिपानं रचलेला, आणि गोष्ट घडते कुठे, तर भारतात. देवळातली नर्तकी, योद्धा, राजकन्या, साप. बायादेर हा शब्द पोर्तुगीज बायलादेरावरून आला, म्हणजे नाचणारी. नायिका मेल्यावर योद्ध्याला तिचं स्वप्न पडतं, त्यातला तुकडा होता. दोघांच्या हातात लांब पांढरी ओढणी, तो एक टोक धरून आणि ती दुसरं टोक धरून गिरक्या घेत जाते. पोशाख बघून मायनं विचारलं, हे कुठल्या देशातलं? आपल्याच, असं लेक म्हणाली, तेव्हा माय पदरात तोंड लपवून इतकी हसली की मागून तिसरं "श्श" आलं. मला राग नाही आला. पीटर्सबर्गच्या थंडीत बसून कोणी आपल्याविषयी असं स्वप्न रचलं तर रचू दे. आपल्या गॅदरिंगमधल्या लंकेला तरी लंका कुठे ठाऊक होती.

आणि मग दिवे फार कमी झाले आणि एकटीच बाई आली. मरता हंस. सें-साँसची चेलोची धून, रचना मिखाईल फोकिनची, आणि ती ज्या बाईसाठी झाली ती अॅना पाव्हलोव्हा. ही पाव्हलोव्हा भारतात येऊन गेली होती. १९२३ साली लंडनला तिच्यासोबत राधा-कृष्णाच्या नाचात कृष्ण झाला तो तरुण उदयशंकर. म्हणजे आमच्या शाळेतल्या शेपटीवाल्या माकडांचा धागा कुठंतरी या हंसापर्यंत पोचतो. तीन-चार मिनिटांचं काम. उड्या नाहीत, मोजण्यासारख्या गिरक्या नाहीत. दोन्ही पाय टोकावर, इतकी बारीक पावलं की बाई पाण्यावर सरकतेय असं दिसावं, आणि वर हात. हाताला सांधे नसावेत तसे. याला आधी काय नि नंतर काय नको होतं. माय काही विचारत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती रंगमंचावर खाली बघत होती, त्या पावलांकडे. शेवटी हंस मिटला तेव्हा ती हळूच म्हणाली, "तिना पाय दुखत व्हतीन."

शेवट 'डॉन किहोते'तल्या लग्नाच्या नाचानं. १८६९ सालचा हा, मॉस्कोचा, तोही पेटिपाचाच. गाला याच तुकड्यानं संपवायची बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे म्हणे. बरोबरच आहे, पोटभर जेवणावर विडा तसा तो लागतो. लाल कपडे, पंखा, मानेला झटके, तो तिला एका हातावर डोक्यावर उचलून धरतो आणि ती तिथं वर पंखा हलवते. लोक वेडे झाले.

त्याआधी, संथ भागात, एक झालं. ती एका पायाच्या टोकावर फिरत होती, तो मागे उभा. अशा वेळी पुरुषाचे तळवे तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना असतात, धरलेले नव्हे, जवळ ठेवलेले. ती फिरते आणि ते तळवे तिला सरळ ठेवतात. चौथ्या फेरीला तिचा अक्ष कलला. फार नाही, दोन बोटं. पण कललेला शाफ्ट मला दुसऱ्या खोलीतून कळतो. त्याचा डावा तळवा अर्ध्या इंचानं आत गेला आणि त्यानं स्वतःचा गुडघा किंचित वाकवून आपलं वजन तिच्या खाली आणलं. ती सरळ झाली. बोट वर करून थांबली, हसली. टाळ्या. सगळे तिच्या बोटाकडे बघत होते. लेकीलाही काही दिसलं नाही, तिला मी नंतर विचारलं.

माझ्या शेजारून आवाज आला, "त्यानी धरं म्हनीसन वाचनी ती."

मायला कसं दिसलं हे कळायला जळगावचा रथ पाहिलेला हवा. कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ पासून निघतोय. उंच लाकडी रथ, झेंडूच्या माळा, पुढे दोर ओढणारी माणसं. या रथाला ना स्टिअरिंग ना ब्रेक. चाकांजवळ वाकून चालणारी काही माणसं असतात, त्यांच्याकडे मोगरी असते. मोगरी म्हणजे लाकडाची जड पाचर. चाकाखाली सरकवली की रथ थांबतो. एका अंगाच्या चाकाला अटकाव केला की रथ त्या अंगाला वळतो. जुन्या जळगावातल्या अरुंद गल्ल्या, दोन्हीकडे ओटे, गच्च्यांवर बायका-पोरं, आणि रथ त्यातून कोपऱ्यावर वळवायचा. हाताचा वेळ चुकला तर बोटं चाकाखाली.

माझे वडील बरीच वर्षं मोगरीला होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. वखारीत लाकूड हाताळायचे, त्यामुळे हात तयार होता. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख मी कायम काळंच पाहिलं. लहानपणी आम्ही गच्चीवरून "जय श्रीराम" ओरडायचो, रथ आला की मूर्ती बघायला मान उंचवायचो. शेजारच्या काकू मायला म्हणायच्या, अहो, देव बघा, देव पुढे चालला. माय हात जोडायची, पण नजर खालीच. चाकापाशी. तिथं वाकलेली एक पाठ सरकत असायची, तिचा मळका सदरा गर्दीत दिसायचा नि गडप व्हायचा. मोगरी लाकडावर आदळल्याचा ठक्‌ असा आवाज यायचा, मग मायचा श्वास सुटायचा. रथ गल्ली ओलांडून गेला की ती आत जाऊन चहा टाकायची. रथाच्या रात्री मायनं रामाची मूर्ती नीट पाहिली, असं मला आठवत नाही.

तिसऱ्या रांगेत बुटांचा तो टक्‌टक्‌ आवाज आल्यापासून ती कुठं बघत होती हे मला तेव्हा कळलं.

मग मी उरलेला वेळ त्या पुरुषांकडेच बघितलं. त्यांना स्वतःचेही तुकडे असतात, हवेत दोनदा फिरून उतरणं वगैरे, लोक त्यालाही भरपूर दाद देतात, आणि ते जोरदार असतंच. मी त्याबद्दल नाही म्हणत. संथ भागात तो काय करतो ते. ती एका पायावर उभी असते आणि तो तिचं मनगट धरून तिच्याभोवती चालतो, घड्याळाच्या काट्यासारखा. तेव्हा त्याचं स्वतःचं पाऊल सुंदर पडलं पाहिजे, आणि कोणाच्या लक्षात मात्र यायला नको. ती उडी घेते त्याच क्षणी त्यानं उचलायला हवं. आधी उचललं तर ती पोतं होते, उशिरा उचललं तर तोच पोतं होतो. मी दुकानात नव्या पोराला हेच सांगतो, चेन ओढणाऱ्यानं आणि मोटार वळवणाऱ्यानं एकमेकांकडे बघायचं नसतं, श्वास ऐकायचा असतो. त्याला अजून जमत नाही.

शेवटी सगळे रांगेत आले, वाकले. प्रत्येक जोडीतला पुरुष एक पाऊल मागे सरकायचा आणि हात पसरून तिच्याकडे दाखवायचा. फुलं तिला. तो मागे हसत उभा, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. मायला हे फार लागलं. ती मोठ्यानंच म्हणाली, "आते तरी म्होरे ये म्हना त्याले." या वेळी मागून "श्श" आलं नाही, सगळेच उभे राहून ओरडत होते.

बाहेर आल्यावर लेक खूश होती, तिला गिरक्यांबद्दल बोलायचं होतं. मी तिला विचारलं, तुमच्या क्लासमध्ये पुरुष किती? म्हणाली, एकही नाही, आम्ही बावीस जणी आणि भिंतीला लावलेला आडवा बांबू. त्याला बार म्हणतात, त्याला धरून सगळं शिकायचं. "आमच्याकडे मोगरीच नाही, पप्पा." मी तिला गाडीत बसल्यावर दादांचं सांगितलं होतं. ती सात वर्षांची असताना ते गेले, नख तिला आठवत होतं, कारण विचारायचं राहून गेलं होतं.

आम्ही दुसऱ्या दिवशी परत आलो. दुकानात तीन मोटारी आणि तीन शेतकरी वाट बघत होते.

मागच्या रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. मोबाइल तिनं कशाला तरी टेकवून ठेवला होता, तिचं स्वयंपाकघर दिसत होतं. ओट्याला एक हात लावून ती एका पायावर उभी राहिली, टाच उचलली, दुसरा पाय मागे नेला. मऊ बूट, टोकाचे नाहीत, ते अजून खूप लांब आहेत म्हणते. "आजी, आता बघ," म्हणाली आणि ओट्यावरचा हात काढला. दोन सेकंद उभी होती. मग कलायला लागली.

"धर, धर!" म्हणत मायनं हात पुढे केला. तिचं बोट मोबाइलच्या काचेवर जाऊन लाल बटणावर बसलं आणि कॉल कटला.